आयसीयूतल्या सिस्टरचं कौतुक करायचंय? पेढ्यांआधी कागद घ्या

पेशंट आयसीयूतून वॉर्डात हलला की तासाभरात पेढे येतात. आणणारा बहुधा जावई, नाहीतर धाकटा भाऊ. बॉक्स काउंटरवर ठेवून "सिस्टर, सगळ्यांनी घ्या हं" म्हणतो आणि लिफ्ट गाठतो. दुपारची शिफ्ट पेढे खाते, राउंडला आलेले रेसिडेंट डॉक्टर जाता जाता दोन-दोन उचलतात, पोर्टेबल एक्स-रे घेऊन आलेला टेक्निशियनही हात मारून जातो. रात्री आठला जी ड्युटीवर येते, जिनं सलग चार रात्री त्या पेशंटच्या नळीतला कफ ओढून काढला, तिला दिसतो रिकामा बॉक्स आणि त्याचा दोरा.

मी ३१ वर्षं नर्सिंग केलं. त्यातली बरीचशी आयसीयूत, आणि शेवटची ९ वर्षं तिथलीच इनचार्ज म्हणून. आभाराची पत्रं आधी माझ्या टेबलावर यायची, मग मेट्रनकडे, म्हणजे नर्सिंगच्या प्रमुखांकडे, जायची. बहुतेक पत्रांचं आम्हाला काहीच करता यायचं नाही. त्यांत नाव नसायचं, तारीख नसायची, घडलेलं काही नसायचं. "सर्व स्टाफ अतिशय प्रेमळ आहे" एवढंच असायचं. लिहिणाऱ्याच्या मनात खोट नव्हती, पण अशा पत्रावरून नेमकं कुणाच्या फाइलला काय लावणार?

ज्यांचं माणूस पहिल्यांदाच आयसीयूत आहे आणि जे बाहेरच्या लोखंडी खुर्चीवर बसून मोबाइलवर हे वाचत असतील, त्यांच्यासाठी लिहितेय. चांगल्या नर्सचं काम कागदावर कसं आणायचं आणि तो कागद कुणाच्या हाती द्यायचा, एवढाच विषय आहे.

आधी नाव

आयसीयूत सगळ्याच "सिस्टर" असतात आणि पुरुष नर्स "ब्रदर". तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, अंगावर एकाच रंगाचा गणवेश. पंधरा दिवस रोज भेटलेली मुलगी बस स्टॉपवर दिसली तर तुम्ही ओळखणार नाही. म्हणून पहिल्या-दुसऱ्या दिवशीच एक छोटी वही करा. मोबाइलमध्ये लिहिलंत तरी चालेल, पण मोबाइल आत नेऊ देत नाहीत आणि बाहेर येईपर्यंत नाव विसरतं.

नाव विचारायची वेळ असते. अलार्म वाजतोय, ती सिरिंज बदलतेय, तेव्हा नाही. भेटायच्या वेळेत ती स्वतःहून पेशंटची स्थिती सांगायला आली की साधं विचारा, "सिस्टर, तुमचं नाव काय? बाबांना सांगेन, कोण बघतंय ते." हे पुढचं वाक्य महत्त्वाचं. नुसतं नाव विचारलं की आमच्या पोटात गोळा येतो, कारण दहातल्या आठ वेळा नाव तक्रारीसाठीच विचारलेलं असतं.

नावाशेजारी तारीख आणि शिफ्ट लिहा: सकाळ, दुपार की रात्र. एकाच आडनावाच्या तिघी असू शकतात. ड्युटी रोस्टर काढून नेमकी कोण हे शोधायला इनचार्जला शिफ्टचाच उपयोग होतो.

हुद्द्यांचा गोंधळही इथेच मिटवून टाकू. सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्सला अधिपरिचारिका म्हणतात, वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टरला परिसेविका आणि मेट्रनला अधिसेविका. खाजगीत हेच लोक स्टाफ नर्स, इनचार्ज आणि नर्सिंग सुपरिंटेंडेंट. अंग पुसायला, कूस बदलायला मदत करणाऱ्या मावशी आणि मामा हे नर्स नव्हेत. त्यांचे आभार मानायचे असतील तर वेगळं पत्र लिहा, एकाच पत्रात कोंबू नका.

काय बघायचं

नातेवाइकाला दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटं आत सोडतात. तेवढ्या वेळात तो मॉनिटर बघत बसतो. आकडा हिरवा की लाल, नव्वद की ब्याण्णव. ते बघायला तिथे माणसं आहेत. तुम्ही हात बघा. पेशंटला हात लावायच्या आधी आणि लावून झाल्यावर ती हात धुते का, किंवा पलंगाला अडकवलेल्या बाटलीतलं द्रावण चोळते का? जागतिक आरोग्य संघटनेनं हात स्वच्छ करण्याचे पाच क्षण ठरवून दिलेत. त्यातला शेवटचा आहे पेशंटला नव्हे, नुसत्या त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लागल्यानंतरचा. पलंगाची कड सरकवली, मॉनिटरचं बटण दाबलं, तरी हात स्वच्छ करायचे. दमलेल्या शिफ्टच्या दहाव्या तासाला जी हे पाळते, ती नर्स चांगली. याला डॉक्टरी ज्ञान लागत नाही, कुणालाही दिसतं.

मग तोंड बघा. व्हेंटिलेटरच्या नळीमुळे पेशंटचं तोंड सतत उघडं राहतं, वाळतं, घाण होतं, आणि तीच घाण फुप्फुसात उतरली की न्यूमोनिया. तुमच्या माणसाचे ओठ फुटलेले नसतील, तोंडाला वास येत नसेल, तर कुणीतरी दिवसातून कितीतरी वेळा ते साफ केलंय. पलंगाची डोक्याकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश वर असते तीही याचसाठी. ती उगाच खाली करायला सांगू नका.

खरी परीक्षा पाठीची. बेशुद्ध माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं. नाहीतर माकडहाडावर, टाचांवर, कधी कानामागे नळीच्या फितीनं जखम होते. आयसीयूतून वॉर्डात हलवल्याच्या दिवशी, अंघोळ घालताना, पाठ आणि टाचा नीट बघा. बारा दिवस व्हेंटिलेटरवर राहून कातडी शाबूत असेल तर ते आपोआप झालेलं नसतं. ऐंशी किलोच्या माणसाला रात्री दोनला, चारला, सहाला कुणीतरी वळवलेलं असतं, तेही तोंडातली नळी, मानेतली सुई आणि लघवीची पिशवी सांभाळत.

इथे मुंबईच्या केईएम रुग्णालयाची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. तिथल्याच नर्स अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला, त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या, आणि १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या तोवर तिथल्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं. ते आयसीयू नव्हतं, वॉर्डाशेजारची खोली होती. पण नर्सिंगच्या पिढ्या बदलल्या तरी काम थांबलं नाही. २०११ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा त्यांच्या दयामरणाबद्दलचा निकाल आला, त्यात त्या स्टाफचं कौतुक आहेच, पण आम्हा नर्सेसना त्यातली एक नोंद पाठ आहे: इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही एकदेखील बेडसोर (पडून राहून होणारी जखम) नाही. "सेवाभावी" वगैरे विशेषणं कितीही मिळाली असती तरी त्या एका नोंदीची सर त्यांना आली नसती. तुमच्या पत्रात असंच काहीतरी हवं, हे मी पुढे सांगणारच आहे.

आता नातेवाइकांना न दिसणारी गोष्ट. रक्तदाब टिकवायचं नॉरएड्रिनॅलिनसारखं औषध सिरिंज पंपातून थेंबाथेंबानं जात असतं. शरीरात त्याचा असर मिनिट-दोन मिनिटांपलीकडे टिकत नाही. सिरिंज संपली आणि दुसरी तयार नसली की रक्तदाब घसरलाच. चांगली नर्स पंपाचा अलार्म वाजायच्या आधी दुसरी सिरिंज भरून, लेबल लावून, जोडून ठेवते. बदल झाला हे मॉनिटरलाही कळत नाही. कौशल्याचं असंच असतं, काही घडलं नाही हाच त्याचा पुरावा. म्हणून ते ओळखायला थेट विचारावं लागतं. डॉक्टर माहिती द्यायला बाहेर आले की एकदा विचारून बघा, "रात्री काही विशेष झालं का? कुणाच्या लक्षात आलं?" पुष्कळदा उत्तर येतं, "सिस्टरनं पहाटे चारला कॉल केला, म्हणून वेळेत कळलं." ते वाक्य तिथल्या तिथे वहीत उतरवा.

माया कशी ओळखायची, आणि खडूस कोण

गोड बोलणं म्हणजे माया असा सगळ्यांचा समज असतो. आयसीयूत मी गोड बोलून आठवड्यात एकदाही पेशंटचे डोळे न पुसणारे लोक पाहिलेत. आणि जिच्या नावानं नातेवाईक बोटं मोडायचे तिला रात्री तीनला बेशुद्ध आजीच्या केसांतला गुंता काढतानाही पाहिलंय.

एक प्रसंग सांगते. एका आजोबांच्या तोंडातली नळी सकाळी काढली होती. संध्याकाळी मुलगा कोकम सरबत घेऊन आला, वडिलांनी खुणेनं मागितलं म्हणे. आमच्या सिस्टरनं ग्लास त्याच्या हातातून अक्षरशः काढून घेतला. मुलगा चिडला, आवाज चढला, माझ्याकडे तक्रार आली. नळी निघाल्यावर गिळण्याची क्रिया काही काळ कमजोर असते. सरबत अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेलं असतं तर पुन्हा नळी घालायची पाळी आली असती. तिनं तोंड ओलं करायला ओला कापूस दिला, आजोबांना समजावलं, दुसऱ्या दिवशी गिळण्याची तपासणी झाल्यावर पहिला चमचा स्वतः भरवला. तक्रार करणाऱ्या त्याच मुलानं डिस्चार्जच्या दिवशी तिच्या नावानं पत्र दिलं. मी पाहिलेल्या चांगल्या पत्रांपैकी ते एक, कारण त्यात त्यानं आपला राग आणि तिचं कारण दोन्ही लिहिलं होतं.

उलटही लक्षात ठेवा. नियम मोडून तुम्हाला आत सोडणारी, "घ्या हो, चमचाभर पाण्यानं काय होतंय" म्हणणारी सिस्टर तुम्हाला भली वाटेल. तिच्यासाठी पत्र लिहू नका.

माया बघायची असेल तर ती बेशुद्ध माणसाशी बोलते का ते ऐका. "काका, आता कूस बदलतेय हं, जरा गार लागेल." उत्तर येणार नसतं, पण ऐकू येत असण्याची शक्यता असते, म्हणून सांगून करायचं. अंग पुसताना पडदा ओढते का, उघडं अंग झाकते का? आयसीयूत दिवसरात्र सारखाच उजेड, त्यात औषधांची गुंगी. वयस्कर माणसं भ्रमात जातात, भिंतीवर माणसं दिसतात, सिस्टरनाच शिव्या घालतात. तेव्हा जी शांतपणे "आज मंगळवार, सकाळ झालीये, तुम्ही हॉस्पिटलात आहात" असं दिवसातून दहादा सांगते, घरून चष्मा आणि कानाचं मशीन आणायला लावते, ती भ्रम कमी करायचं औषधच देत असते. नळी उपटू नये म्हणून हात बांधावे लागले असतील आणि तुम्ही शेजारी बसल्यावर ती गाठ सोडून म्हणाली असेल, "आता तुम्ही हात धरून बसा", तर तेही लिहून ठेवा.

व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक नर्स असावी असा दंडक आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी एका नर्सकडे दोन किंवा तीन पेशंट असतात. तिनं तुमच्याशी कमी बोलण्याचा अर्थ लावताना शेजारच्या पलंगावर काय चाललंय तेही बघा.

पत्र

एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन कोव्हिडमुळे लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलच्या आयसीयूत होते. घरी सोडल्यावर त्यांनी व्हिडिओ काढला. त्यात दोन नर्सेसची नावं घेतली: न्यूझीलंडची जेनी आणि पोर्तुगालचा लुईस. रात्रभर क्षणाक्षणाला ते लक्ष ठेवून होते, विचार करत होते, लागेल ते करत होते, म्हणून शरीराला ऑक्सिजन पुरू लागला, असं ते म्हणाले. त्यांच्या राजकारणाबद्दल माझं मत काही का असेना, आभार मानायची रीत त्यांना बरोबर जमली. नाव, वेळ, केलेलं काम आणि त्याचा परिणाम, चारही गोष्टी त्यात होत्या.

(पुढची गोष्टही सांगायला हवी. वर्षभरानं, मे २०२१ मध्ये, त्याच जेनी मॅकगी यांनी नोकरी सोडली. हवा तो मान मिळत नाही आणि हवा तो पगारही नाही, असं त्या म्हणाल्या. कौतुकानं भाडं भरलं जात नाही.)

तर पत्रात त्या चार गोष्टी. ललित लिहू नका, एक पान पुरे. मराठीत लिहा, खाजगी रुग्णालयातही मराठी पत्र चालतं. नमुना देते, तसाच उतरवू नका, तुमचं घडलेलं घाला:

प्रति, मा. अधिसेविका / नर्सिंग सुपरिंटेंडेंट
विषय: आयसीयूतील स्टाफ नर्स …… यांच्या कामाची नोंद घेण्याबाबत

माझे वडील दि. …… ते …… या काळात आयसीयूत बेड क्रमांक …… वर व्हेंटिलेटरवर होते (आयपीडी क्रमांक ……). दि. …… रोजी रात्रपाळीत सिस्टर …… ड्युटीवर होत्या. पहाटे चारच्या सुमारास वडिलांच्या लघवीचं प्रमाण सलग दोन तास कमी झाल्याचं त्यांच्या लक्षात आलं. रक्तदाब तेव्हा ठीक होता, तरी त्यांनी डॉक्टरांना बोलावलं. वेळेत कळल्यामुळे उपचार बदलता आले, असं डॉक्टरांनी आम्हाला सकाळी सांगितलं. बारा दिवसांनंतर वॉर्डात आल्यावर वडिलांच्या पाठीवर एकही जखम नव्हती. ते बेशुद्ध असतानाही सिस्टर …… त्यांना हाक मारून, सांगून मग सुई टोचत. शुद्धीवर आल्यावर वडिलांनी पहिल्यांदा तो आवाज ओळखला.

या पत्राची नोंद त्यांच्या सेवा फाइलमध्ये व्हावी आणि प्रत त्यांना मिळावी, ही विनंती.

शेवटची ओळ विसरू नका. ती नसेल तर पत्र "सर्वांनी वाचले" अशा फाइलमध्ये जातं.

दोन पथ्यं. एक, तिचं कौतुक करताना दुसऱ्याला ठोसा मारू नका. "बाकीच्या नुसत्या मोबाइलवर असतात, फक्त या सिस्टर…" असं लिहिलंत की तिला उद्या त्याच बाकीच्यांबरोबर ड्युटी करायचीय. तक्रार असेल तर वेगळा कागद, वेगळा दिवस. दोन, वैद्यकीय श्रेय स्वतःच्या मनानं वाटू नका. "यांच्यामुळेच जीव वाचला" हे तुम्हाला वाटलं तरी ते डॉक्टरांनी सांगितलं असेल तर तसं म्हणा, नसेल तर तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलंत ते लिहा. मेट्रन अशी पत्रं बारीक वाचतात आणि फुगवलेलं पत्र लगेच कळतं.

कुणाला द्यायचं

सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयात मूळ पत्र अधिसेविकांच्या नावे, प्रत वैद्यकीय अधीक्षकांना. वैद्यकीय महाविद्यालय असेल तर अधिष्ठात्यांना (डीनना). आवक-जावक टेबलावर द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घ्या. याला "पोहोच घेणं" म्हणतात. तक्रारीची पोहोच सगळे घेतात, आभाराची कुणी घेत नाही. शिक्का असलेलं पत्र गहाळ व्हायला कठीण. नर्सच्या कामाचा वार्षिक गोपनीय अहवाल लिहायच्या वेळी असा एखादा कागद फाइलला असला तर त्याचा उपयोग होतो.

खाजगीत रिसेप्शनवर फीडबॅक फॉर्म पुढे करतात, एक ते पाच तारे. तो भरा, पण त्यावर थांबू नका. ताऱ्यांची सरासरी निघते आणि त्यात तिचं नाव विरघळून जातं. नर्सिंग सुपरिंटेंडेंटना ई-मेल करा, वैद्यकीय संचालकांना प्रत. ती कंत्राटी असेल, एजन्सीमार्फत आलेली असेल, तर हे विचारून घ्या आणि एक प्रत एजन्सीलाही पाठवा. कंत्राटी मुलींच्या हातात दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी दाखवायला फारसं काही नसतं.

आणि एक प्रत थेट तिच्या हातात. साहेबांकडून खाली यायला वेळ लागतो, कधी येतच नाही.

सोशल मीडियावर टाकायचं असेल तर तिला विचारून. आयसीयूत फोटो काढू नका. मागच्या पलंगावरचा अर्धउघडा माणूस कुणाचा तरी बाप असतो. तिचा फोन नंबर नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं म्हणजे कौतुक नव्हे, शिक्षा. पुढची दोन वर्षं चुलत मामेबहिणींच्या शुगरचे रिपोर्ट तिला येत राहतात.

पाकीट नको

पैसे देऊ नका. सरकारी नर्सना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू असतात आणि भेटवस्तूंवर त्यात बंधनं आहेत. खाजगीतही बहुतेक ठिकाणी मनाई असते. नियम बाजूला ठेवा, पाकीट हातात आलं की शेजारच्या पलंगावरच्या गरीब नातेवाइकाच्या मनात काय येतं ते आम्ही पाहिलंय: "पैसे दिल्याशिवाय बघत नाहीत वाटतं." साडीही नको. कोणत्या वयाच्या, कोणत्या आवडीच्या बाईला कसली साडी देणार?

खायला द्यायचंच असेल तर तीन शिफ्टसाठी तीन पुडे, वर लिहून: सकाळ, दुपार, रात्र. कोरडं आणि बंद पाकिटातलं. रात्रीचा पुडा रात्री नऊनंतर नेऊन द्या, हँडओव्हर (पुढच्या शिफ्टला पेशंट सोपवणं) आटोपलेलं असतं.

खाण्यावरून डेझी पुरस्काराची गोष्ट आठवते, ती सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत पॅट्रिक बार्न्स हा ३३ वर्षांचा तरुण रक्तातल्या प्लेटलेट कमी होण्याच्या एका आजारानं १९९९ मध्ये गेला. आजारपणात त्याला अन्न जात नव्हतं. एके दिवशी वडिलांनी आणलेला दालचिनीचा रोल त्याला आवडला आणि तो म्हणाला, उद्या पुन्हा आणा, पण नर्सेससाठीही आणा. तो गेल्यावर घरच्यांनी नर्सेसचे आभार मानण्यासाठी संस्था काढली. आज अनेक देशांतली हजारो रुग्णालयं हा पुरस्कार देतात. त्यात पेशंट, नातेवाईक किंवा सहकारी कुणीही नर्सचं नाव सुचवू शकतो, आणि सुचवायचं म्हणजे घडलेला प्रसंग लिहायचा. निवडलेल्या नर्सला झिंबाब्वेच्या शोना कारागिरांनी दगडात कोरलेली छोटी मूर्ती मिळते, आणि दालचिनीचे रोल अजूनही वाटले जातात. तुमच्या रुग्णालयात ही योजना आहे का, हे नर्सिंग ऑफिसात एकदा विचारून घ्या. परदेशातल्या मराठी वाचकांना तर वॉर्डाबाहेर त्याची पेटी दिसायची शक्यता बरीच आहे.

आपल्याकडे केंद्र सरकारचा राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार १९७३ पासून आहे, राष्ट्रपतींच्या हस्ते दिला जातो. तो नातेवाइकाच्या एका पत्रावर मिळत नाही. वर्षानुवर्षांचं काम बघतात. पण अशा अर्जाबरोबर जोडायला कागद लागतात, आणि ते कागद तुमच्यासारख्यांनी लिहिलेले असतात. त्यापेक्षा जवळचा मुहूर्त म्हणजे १२ मे, नाइटिंगेलचा जन्मदिवस, जागतिक परिचारिका दिन. त्या दिवशी बहुतेक रुग्णालयांत कार्यक्रम असतो, दोन-चार जणींचा सत्कार होतो. नावं एप्रिलमध्येच ठरतात. पत्र फेब्रुवारीतलं असेल तर एप्रिलच्या सुरुवातीला मेट्रनना एक फोन करा.

माणूस गेलं असेल तर

आयसीयूतून सगळे घरी जात नाहीत. ज्यांचं माणूस गेलं त्यांना वाटतं, आता कसले आभार. डेझी सुरू करणाऱ्यांचा मुलगा वाचला नव्हता, हे मी मुद्दाम वर सांगितलं. गेलेल्या माणसाच्या घरून आलेलं पत्र आम्ही जास्त जपून ठेवतो. आमच्या मनात त्या रात्रीबद्दल प्रश्न राहिलेले असतात आणि विचारायची सोय नसते.

घाई करू नका. दिवसकार्य होऊ द्या, महिना जाऊ द्या. मग दोन ओळी लिहा. शेवटच्या तासाला तिनं बाजूचं स्टूल ओढून तुम्हाला बसायला दिलं असेल, अलार्मचा आवाज बंद केला असेल, परगावच्या मुलीचा फोन कानाशी धरला असेल, नंतर अंगावरची चादर नीट करून मगच तुम्हाला आत बोलावलं असेल. वही असेल तर तारीख सापडेल. नसेल तरी रुग्णालयाच्या डॉक्टरांनी दिलेल्या मृत्यूच्या प्रमाणपत्रावर वेळ असते, त्यावरून शिफ्ट निघते.

परत या

हे कुणी सांगत नाही. आयसीयूच्या नर्सला बरा झालेला पेशंट दिसतच नाही. ती त्याला बघते ते नळ्या लावलेला, फार तर डोळे उघडलेला. मग तो वॉर्डात जातो, तिथून घरी. तो चालला का, जेवला का, तिला कधीच कळत नाही. म्हणून फॉलोअपला याल तेव्हा आयसीयूच्या दारापर्यंत या. दुपारी तीन-चारची वेळ बरी. आधी तिची ड्युटी कोणती ते फोनवर विचारा, लहान मुलांना आणू नका, आत शिरू नका, दाराशी निरोप द्या. पाच मिनिटं पुरतात.

आमच्याकडे असाच एक गृहस्थ आला होता. चेक्सचा शर्ट, दाढी केलेली, हातात काठी. "मला ओळखलंत का?" आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो. उभा असलेला हा माणूस आम्ही कधी पाहिलेलाच नव्हता. नाव सांगितलं, तरी लक्षात येईना. मग त्याची बायको म्हणाली, "अहो, बेड नंबर सात."

तेव्हा आमच्यातली एक रात्रपाळीवाली पुढे आली आणि त्याला म्हणाली, "काका, वळा बरं, पाठ दाखवा."